सुनेच्या फोनमधलं अर्धं काम

फोन पुन्हा वाजला तसा सोमनाथ गुरुजींनी तो उचलून तांदळाच्या डब्यात खुपसला आणि झाकण दाबून लावलं.

सुलक्षणाबाई भारंगीची पानं निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"भिजला का काय फोन?"

"न्हाई."

"मग तांदळात कशापायी?"

"असू दे तिथंच. डोकं उठवलंय नुसतं."

डब्यातून परत एकदा बारीक आवाज आला. गुरुजींना मेसेज तोंडपाठ झाला होता. 'आपले आयकर विवरणपत्र अपूर्ण आहे. शेवटची तारीख जवळ आली. आजच पूर्ण करा.' रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. गृहपाठ न केलेल्या पोराला मास्तरानं हटकावं तसं चाललं होतं, आणि आख्खी हयात गृहपाठ तपासण्यात घालवलेल्या माणसाला ते फार लागत होतं.

खरं तर विवरणपत्र भरून झालं होतं. तिथंच तर सगळी गोची होती.

जूनमधल्या एका रविवारी ते भरायला घेतलं होतं शेफालीनं, म्हणजे त्यांच्या सुनेनं. तिचं माहेर किकवीचं, नोकरी पुण्यात, लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. आण्णा, म्हणजे गुरुजी, दरवर्षी एवढ्याशा कामासाठी भोरला हेलपाटा घालतात, हे तिला नवऱ्याकडून, सार्थककडून कळलं होतं. मग तिनं फोनवर कुठलंसं ॲप उघडलं आणि उत्साहानं ओसरीवर बसली. गुरुजी समोरच खुर्चीत. दोघांत जेमतेम दोन हातांचं अंतर, पण या घरात सासरा आणि सून समोरासमोर बोलत नसत. गुरुजींच्या आईच्या वेळेपासूनची रीत. जे काय सांगायचं ते सासूमार्फत.

"आई, आण्णांना पॅन नंबर विचारा ना," शेफाली म्हणाली.

"तिला म्हणावं, लिहून घे," गुरुजींनी आतल्या बाजूला तोंड करून सांगितलं आणि नंबर खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

सुलक्षणाबाई पिठाचे हात घेऊन दारात उभ्या. "अवो, तिला काय ऐकू येत न्हाई का? का मी टपाल वाटायला ठेवलीय?"

सार्थक खो खो हसला. शेफालीही हसली, पण पुढचा प्रश्न तिनं सासूलाच विचारला. असं करत करत बरंच भरून झालं. मग वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम आली आणि शेफालीचं बोट थांबलं. तिनं खालीवर सरकवून पाहिलं, ओठ चावला आणि म्हणाली, "आण्णांना सांगा, राहिलेलं पुढच्या रविवारी करू."

पुढच्या रविवारी ते दोघं आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. इकडे गुरुजी मात्र उत्रोलीच्या देवळाच्या पायरीवर सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते, "यंदा आमच्या सूनबाई फोनवरच भरतायत. मला कुठं जायचंच काम न्हाई." सांगताना छाती जरा फुगलेलीच होती.

आणि मग जुलैत ते खत आणायला भोरला गेले. एसटी स्टँडाजवळ इब्राहीमचं दुकान. पूर्वी कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसायचा, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन बसतो. गुरुजींचं विवरणपत्र दरवर्षी तोच भरायचा. त्यानं दुकानातूनच हाक मारली.

"गुरुजी, या की. तुमचा चहा सांगून ठिवलाय."

चहा संपायच्या आत त्यानं विचारलं, "कागद हायती का जवळ? भरूनच टाकू."

कागद नाहीत असं सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं, आणि खताच्या पिशवीत हात घातला तर कागद तिथंच. सकाळी निघताना सुलक्षणाबाईंनीच ते घातले होते, "असू द्यात, कुठंतरी लागत्यात," म्हणून. आता इतक्या वर्षांच्या दोस्ताला कसं म्हणायचं की यंदा तू नकोस, सून भरतेय? त्याचं मन मोडणं गुरुजींच्यानं होईना. ते गप बसून राहिले. मध्ये लाईट गेली, आली, इब्राहीमनं फरकाचा तो वेगळा फॉर्म आधी भरला, मग विवरणपत्र भरलं. फोनवर आलेला ओटीपी गुरुजींनी वाचून दाखवला आणि पोचपावती हातात पडली. एका माणसाचं मन राखलं. दुसऱ्याचं मोडणार, हे त्यांच्या ध्यानात आलं ते परतीच्या गाडीत बसल्यावर.

*

"दोन-दोन विवरणपत्रं दिसतील का रे सरकारला?" दुसऱ्या दिवशी इब्राहीमच्या दुकानात शिरता शिरताच त्यांनी विचारलं. "मला उभ्या नोकरीत साधा मेमो न्हाई आला. आता म्हातारपणी नोटीस यायची."

इब्राहीमनं त्यांना बसवलं. तांदळातून काढून आणलेल्या फोनवरचा मेसेज वाचला.

"गुरुजी, पोरगं पाटीवर गणित मांडतं आणि मग वहीत उतरवून तुमाला दाखवतं. मार्क कशाला देता?"

"वहीला."

"मग झालं तर. वही आपण दाखवली. सूनबाईच्या फोनमधी जे हाय ती पाटी. ती सरकारकडं गेलेलीच न्हाई. त्या ॲपवाल्याला काय ठाऊक तुमी दुसरीकडं भरलं ते? त्यो आपला आठवण करत बसलाय."

गुरुजींच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

"फकस्त एक करा. ते पुरं करून परत पाठवू नका. मग मातर निस्तरत बसावं लागंल. सूनबाईला सांगा, काढून टाक म्हणावं."

गुरुजींची आठी होती तिथं परत आली.

"तेच तर सांगता येत न्हाई. पोरीनं हौसेनं घेतलं होतं रे हातात. घरात आल्यापासून माझं म्हणून केलेलं पहिलं काम तिचं. तिला वाटंल, सासऱ्याचा भरवसा न्हाई. गुपचूप दुसऱ्याकडून करून आला. आणि नाही सांगितलं तर येत्या रविवारी ती बसंल आणि पुरं करून पाठवूनच देईल. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय."

इब्राहीम एकदम उठला आणि प्रिंटर उघडून आत बघायला लागला. आत कागद अडकलेला नव्हता.

"सांगून तर बघा," तो प्रिंटरमध्ये डोकं घालूनच म्हणाला. "बोलणाऱ्याची बोरं विकत्यात, गुरुजी. न बोलणाऱ्याचे गहू तसेच पडून राहत्यात."

घरी येऊन गुरुजींनी नेहमीची वाट धरून पाहिली.

"तू सांग तिला."

"काय सांगू?"

"की भरलंय म्हणावं. राग धरू नको म्हणावं."

"न्हाई बाई," सुलक्षणाबाईंनी हात झटकले. "हे तुमचं तुमी निस्तरा. गावची एवढी पोरं शिकवली, आन् घरातल्या एका पोरीशी बोलता येईना?"

"आपल्यात तशी रीत हाय का?"

"रीत गेली चुलीत. पोरगी घरात आली की आवाज येतो तुमचा, पण शब्द येतो माझ्या तोंडून. मला माझंबी बोलायचं असतं कधी."

गुरुजींनी फोन परत तांदळाच्या डब्यात खुपसला. रविवारपर्यंत ते कुणाशीच फारसं बोलले नाहीत. फोन तेवढा तांदळात बोलत राहिला.

*

रविवारी सार्थक आणि शेफाली मोटारसायकलवरून आले. रेनकोट ओसरीच्या खांबाला टांगून सार्थक चहासुद्धा न घेता शेताकडे पळाला, बांध फुटलाय का बघायला. शेफाली आत गेली. गुरुजी खुर्चीत ताठ बसून राहिले. घसा दोनदा साफ केला. तिसऱ्यांदा साफ करून हाक मारली.

"सुलक्षणा, जरा तिला म्हणावं..."

सुलक्षणाबाई बादली घेऊन परसात गेल्या होत्या. म्हशीला पाणी दाखवायची ती वेळ नव्हती, पण गेल्या होत्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मेसेजचा.

शेफाली बाहेर आली. तळहातावर गुरुजींचा फोन होता, त्याला चार-दोन तांदूळ चिकटले होते. मेसेज अजून समोर दिसत होता. तिनं सवयीनं सासूला शोधलं, आत पाहिलं, परसाच्या दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"शेफाली," गुरुजी म्हणाले.

घरात आल्यापासून त्यांनी तिला नावानं हाक मारलेली ही पहिलीच वेळ. ती दचकलीच.

"ते भरून झालंय. म्या दुसरीकडं भरलं," गुरुजी एका दमात सुटले. "तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून न्हाई. मला न्हाई म्हणता आलं न्हाई, माझा सोभावच तसा. तू मनाला लावून घेऊ नकोस. मला फार बरं वाटलं होतं तू हातात घेतलंस तवा, सगळ्या गावाला सांगितलं मी. आणि आता ते पुरं करून पाठवू नको तेवढं."

शेफाली खाली मान घालून उभी. फोनवरचा एकेक तांदूळ काढून ओंजळीत घेत होती. ही आता रडते, असंच गुरुजींना वाटलं आणि त्यांचा जीव अर्धा झाला.

तिनं मोठा श्वास सोडला.

"सुटले बाई," ती म्हणाली, आणि मग जीभ चावून, "म्हणजे, आण्णा, मला वाटलं तुम्ही रागावलाय. म्हणून फोन असा डब्यात घातला."

"मी कशापायी रागावंन?"

"मला ते जमलंच नव्हतं. त्या फरकाच्या रकमेपाशी अडकले. किती वाचलं, काही कळेना. चुकीचं भरलं तर तुम्हाला त्रास. आणि तुम्ही तर गावभर सांगितलेलं, सार्थक म्हणाला. कुठल्या तोंडानं येऊ असं झालं होतं. दोन रविवार आलेच नाही मी."

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. ही पोरगी आपल्याला घाबरून पुण्यात बसली होती, आणि आपण तिला घाबरून फोन तांदळात पुरत होतो.

"बस," ते म्हणाले. "उभी का?"

ती बसली. खाली नाही, समोरच्या खुर्चीत. आपला फोन काढून तिनं ॲप उघडलं. अर्ध्यावर थांबलेलं ते विवरणपत्र तिथं जसंच्या तसं होतं.

"हे काढायचंच राहिलं माझं. तुम्हाला रोज मेसेज येत असतील हे डोक्यातच आलं नाही." तिनं सरकारी साइट उघडून आधी तिथलं दाखवलं. यंदाचं विवरणपत्र एकच होतं, भरलेलं, पडताळलेलं. मग तिनं ॲप त्यांच्यापुढे धरलं. 'अपूर्ण विवरणपत्र खरंच काढून टाकायचे?'

"तुम्हीच दाबा, आण्णा."

गुरुजींनी बोट धोतराला पुसलं आणि दाबलं. अर्धं काम पाटी पुसावी तसं गेलं. त्यांना एकदम भूक लागल्यासारखं झालं, बऱ्याच दिवसांनी.

"बरं झालं चाचांनी वेळेत भरलं ते," शेफाली आता मोकळेपणानं बोलत होती. "त्या दिवशी मधेच लाईट गेली ना, मला वाटलं, आता तुम्ही उठून जाताय."

गुरुजींनी मान डोलावली. डोलावता डोलावता ती थांबली.

दुसरीकडं भरलं, एवढंच ते म्हणाले होते. इब्राहीमचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. लाईटचं तर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

आधीच सांगून ठेवलेला चहा त्यांना आठवला. पिशवीत सापडलेले कागद आठवले. काहीच न अडकलेला प्रिंटर आठवला. एका पोरानं फोडलेलं गणित आख्ख्या वर्गाला ठाऊक असलं की वर्ग कसा शहाण्यासारखा गप बसतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. फक्त या वेळी मास्तर सोडून सगळा वर्ग सामील होता. सुनेनं इब्राहीमला फोन केला असणार, नंबर दिला असणार सासूनं, आणि लाईट गेल्याची खबरसुद्धा इब्राहीमनं दुकानातून तिथल्या तिथं तिला दिली असणार.

शेफालीच्याही ध्यानात आलं असावं. ती लाल होऊन ओंजळीतले तांदूळ मोजल्यासारखे निरखत होती.

पोटातून आलेलं हसू गुरुजींनी मोठ्या मुश्किलीनं मिशीत दाबलं. पकडलेल्या पोराला सोडून देण्यातही एक मजा असते, ती त्यांनी नोकरीत फारशी घेतली नव्हती.

"इब्राहीमला पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊन भेटू," ते म्हणाले. "ते फरकाचं तो तुला शिकवंल. आणि चहा आपण पाजायचा त्याला."

"जाऊ की, आण्णा."

ती उठली, आत निघाली, दारात थबकली आणि मागे वळली.

"आण्णा, भात थोडाच लावू का? भाकरी पण आहेत."

गुरुजींची मान जुन्या सवयीनं आतल्या दाराकडे वळली. तिथं सुलक्षणाबाई उभ्या होत्या, हातात बादली, पदरानं तोंड पुसत. बादलीतलं पाणी होतं तेवढंच होतं.

"माझ्याकडं काय बघताय?" त्या म्हणाल्या. "तुमाला इचारलंय तिनं."