कानामागचा अंगठा

मित्रांनो, मी म्हसवडकडची एक जुनी मेंढी आहे. माझ्याबरोबरच्या कळपातले आता कोणी उरलेले नाही. प्रयोगशाळेच्या कागदावर माझे नाव 'चार नंबर' असे आहे.

आमच्या माळावर बाभळीचे काटे फार. चरून आलो की मेंढपाळ आमचे खूर तपासत. एकजण कानामागे अंगठा दाबून धरी, दुसरा चिमट्याने काटा उपसून काढी. अंगठा कानामागे आला की हलायचे नाही, हे मी कोकरू असतानाच शिकले.

१९७४ साली मला सांगलीजवळच्या एका प्रयोगशाळेत आणले. राखणदार म्हणून आमचा मेंढपाळ नाथाजीही तिथे नोकरीला लागला. डॉक्टर शकुंतलाबाई बधिर करण्याच्या एका नव्या औषधावर काम करत होत्या. माझ्या पाठीच्या कण्यात त्यांनी बारीक नळी बसवली. तिच्यातून औषध सोडले की मागचे पाय लुळे पडत आणि मी बसून जाई. तीन-साडेतीन तासांनी पायांत बळ येई. दर अर्ध्या तासाने नाथाजी मला धरी आणि बाई माझ्या खुराजवळ चिमटा लावत. मी पाय ओढला की दुखणे परत आले, अशी नोंद होई.

पण पायांत बळ आले तरी मी सात तास पाय ओढत नसे. पाय चालतात आणि तरी दुखत नाही, असेच औषध बाईंना हवे होते. ऑपरेशन झालेल्या रुग्णांना सोमवारपासून ते द्यायचे आणि सात तास दुखण्यावर दुसरे काही द्यायचे नाही, असे ठरले.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. साडेतीन तासांनंतरचा प्रत्येक चिमटा मला लागत होता.

त्याच आठवड्यात नाथाजी गावी सिद्धनाथाच्या रथयात्रेला गेला. त्याच्या जागी कोरेगावचा मानसिंग आला. तो पलटणीतून निवृत्त झालेला. त्याने माझा दोर धरला आणि लांब ताठ उभा राहिला. चौथ्या तासाला चिमटा लागला आणि मी अशी लाथ झाडली की बाईंच्या हातातली वही उडाली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले.

शनिवारी नाथाजी परतला.

"तुजी म्हातारी लय द्वाड हाय रं," मानसिंग म्हणाला.

"तुज्या मिशांला भ्याली आसंल, गड्या."

बाई हसल्या नाहीत. "नाथाजी, मी चिमटा लावते तेव्हा तुम्ही नेमके काय करता?"

"काय न्हाई, बाईसाहेब. कानामागं अंगठा ठेवतो. काटा काढताना ठेवतोच की. मग जनावर हलत न्हाई."

"दुखलं तरी?"

"दुखतंय तर. पर काटा निघतोय म्हनून सोसतंय."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा इचारलं न्हाई. आन् तिनं लाथ मारली तर तुमचं काम नासंल, आसं वाटलं."

बाईंनी वही उघडली. अकरा महिन्यांचे काम होते. मग त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि नाथाजीने मला धरले होते त्या सगळ्या दिवसांवर रेघ ओढली. वही घेऊन त्या स्वतः इस्पितळात, ऑपरेशनच्या वॉर्डात गेल्या. सात तास खोटे आहेत, चौथ्या तासापासून रुग्णाला दुखणार, तेव्हा त्याचे दुसरे औषध अडवू नका, असे त्यांनी तिथे सांगितले. सोमवार रद्द झाला. नाथाजीची नोकरी राहिली, पण चिमट्याच्या वेळी त्याला दाराबाहेर उभे करत.

पुढे दोन वर्षे मी मन लावून लाथा झाडल्या. आता नळी काढली आहे. मागचे पाय आखडतात. शेडमागच्या उन्हात मी पडून असते, आणि माझ्याकडे कोणी फारसे फिरकत नाही.

मित्रांनो, मुकी जनावरे तुमच्या ताब्यात असतात. एखादे निमूट उभे आहे म्हणून त्याला दुखत नाही, असे लिहून टाकू नका. आधी त्याच्यावरचा हात काढा. मग बघा.