हरवलेली हाक

हेल्वीच्या बोटांना आता फक्त कडक ठिपके कळतात. मधुमेहाने बोटांच्या टोकांची जाण बरीच नेली आहे. संगणकावरचा मजकूर ओळीओळीने उठावाच्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या नव्या ब्रेल पट्ट्या तिने हाताळून पाहिल्या आणि म्हणाली, "लोण्यावर लिहिल्यासारखं लागतंय." तिची जुनी पट्टी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. ती पट्टी आजच्या संगणकावर चालते ती कर्नेलमधल्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या गाभ्यातल्या, एका छोट्या ड्रायव्हरमुळे, आणि तो ड्रायव्हर मी सांभाळतो. सांभाळतो हा शब्द जरा मोठाच झाला. दुसरं कोणी पुढे आलं नाही, एवढंच.

आम्ही फिनलंडमधल्या कुओपिओत एकाच इमारतीत राहतो, ती खालच्या मजल्यावर. ग्रंथालयाच्या ब्रेल पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे तिचं काम. त्या वसंतात पट्टी मधेच गोठायला लागली. पुढची ओळ यायचीच नाही. मी कर्नेलवर काम करणाऱ्यांच्या ईमेल-यादीवर तसं कळवलं, तेव्हा आमचे बदल तपासून घेणाऱ्या ब्रेमेनच्या विब्केचं उत्तर आलं: पुढच्या आवृत्तीपर्यंत हा दोष दूर झाला नाही, तर ड्रायव्हर काढावा लागेल. तिचं बरोबरच होतं. अडकणारा कोड कोणी किती दिवस ठेवायचा?

काय होतंय ते कळावं म्हणून मी ड्रायव्हरमध्ये जागोजागी नोंदी छापणाऱ्या ओळी घातल्या. गोठणं थांबलं. आठवडाभर हेल्वी मजेत वाचत होती आणि मी स्वतःवर चक्क खूश होतो. मग त्या ओळी काढल्या, आणि त्याच दुपारी पट्टी पुन्हा गोठली. छापायला वेळ लागतो, त्या वेळाने दोष नुसता झाकला गेला होता. हे मला आधी सुचायला हवं होतं.

"म्हणजे तू बघत असलास की ते शहाण्यासारखं वागतं," हेल्वी म्हणाली. "आमचे हेही तसेच होते."

नंतर मी कोड कागदावर छापून पेन्सिल घेऊन वाचला. ड्रायव्हरचं एक टास्क, म्हणजे सतत चालणारं एक काम, पुढच्या ओळीची वाट पाहत झोपतं. झोपण्याआधी ते 'मी झोपतोय' अशी खूण करतं, मग ओळ आली का ते एकदा बघतं, आणि नसेल तरच झोपतं. ओळ आणणारी दुसरी बाजू ती खूण पाहून त्याला जागं करते. क्रम बरोबर लिहिला होता. पण प्रोसेसर लिहिलेला क्रम पाळेलच असं नाही. खूण मेमरीत पोचायच्या आतच तो पुढचं वाचून मोकळा होतो. म्हणून मधे मेमरी बॅरियर घालावा लागतो: आधीचं सगळ्यांना दिसल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही. मी तो घातला आणि दुरुस्तीचा पॅच विब्केला पाठवला.

विब्केचं उत्तर दोन ओळींचं होतं. "बॅरियरशेजारी टिपण नाही. याचा जोडीदार कुठे आहे ते लिहा, त्याशिवाय घेता येणार नाही."

आमच्याकडे ही रीतच आहे: बॅरियर जोडीने लागतात, आणि एकाशेजारी दुसऱ्याचा पत्ता लिहायचा. मी लिहायला बसलो आणि लिहिता येईना. वाटलं, पॅच मागे घ्यावा, कोणा हुशार माणसाला द्यावा. पण तसा माणूस होता कुठे? मी खाली गेलो.

हेल्वीने कॉफी ओतली. "बोल. तोंड पाडून बसलायस ते मला आवाजावरून कळतंय."

"तू अजून एक शब्द ऐकला नाहीस माझा."

"तेच तर. सांग काय ते."

"समज, तू माझ्याकडे आलीस. काठी खुंटीला लावलीस, म्हणजे तू थांबली आहेस ही खूण. मग टेबल चाचपलंस. कॉफी नसेल तर बसून राहायचं, मी हाक मारीपर्यंत."

"बरं."

"पण काठी हातात असतानाच टेबल चाचपलंस, तर घोटाळा. म्हणून तुला सांगितलं, आधी काठी लाव, मग चाचप."

"लावली. आणि तू काय करतोस?"

"मी कॉफी टेबलावर ठेवतो, मग खुंटीकडे बघतो. काठी असेल तर हाक मारतो. नसेल तर..." मी थांबलो. "मी कॉफी ठेवायच्या आधी, किटली हातात असतानाच खुंटीकडे बघतोय. तेव्हा काठी अजून लागलेलीच नाही."

"मग मला हाक कोण मारणार, ओइवा?"

"कोणीच नाही. तू बसून राहणार."

"कॉफी समोर असताना? छान पाहुणचार!"

झोपणाऱ्याला मी बॅरियर दिला होता. ओळ आणून जागवणारा उघडाच होता. वर येऊन दुसरा घातला, दोन्हीकडे एकमेकांचा पत्ता देणारं टिपण लिहिलं. नवा ड्रायव्हर तिच्या संगणकावर चढवला आणि ते टिपण पट्टीवर तिच्यासमोर ठेवलं.

तिने ते मुद्रित तपासावं तसं, सावकाश वाचलं. मग बोट एका जागी परत नेलं. "हे 'बहुधा' कशाला? 'यामुळे हाक बहुधा हरवणार नाही.' हरवणार आहे की नाही?"

"नाही हरवणार. पण मी कधी खात्रीने..."

"ते मला माहीत आहे. त्या ब्रेमेनच्या बाईला सांगायची गरज नाही. काढ."

पुन्हा पुन्हा दोन्ही बाजू मनात चालवून पाहिल्या. कुठून धरलं तरी एकाला तरी दुसरा दिसतच होता. मग तो शब्द काढला आणि पॅच पाठवला.

नोंदींची एकही ओळ नसताना पट्टी कित्येक दिवस अडकली नाही. विब्केने लिहिलं, "टिपण वाचून दोन्ही बाजू समजल्या. घेतला. ड्रायव्हर राहतोय."

हे सांगायला मी दुपारी खाली गेलो. दार उघडंच होतं. हेल्वी पट्टीवर वाकली होती, चेहरा कुठल्याशा गोष्टीत पार हरवलेला. मी खाकरलो.

"राहतोय," मी म्हणालो.

तिचा डावा हात माझ्या बाहीला लागला आणि तिथेच राहिला. उजवा थांबला नाही. "बस. पण बोलू नकोस. हिचा नवरा आत्ता बोटीवरून उतरतोय."

मी बसलो. ठिपके खाली जात होते, नवे वर येत होते, ओळीमागून ओळ.