अकोला बाही

"हात जरा वर घे," प्रियदर्शनी म्हणाली आणि तिनं टेप दंडाभोवती फिरवली.

अपेक्षानं हात वर केला, पण पुरता नाही. कुर्तीची बाही मागं सरकली तशी दंडावर उमटलेली चार बोटं दिसली. निळी, कडेनं पिवळी पडत चाललेली. अंगठ्याचा वण आतल्या बाजूला. प्रियदर्शनीनं टेपेवरचा आकडा बघितला, पण तो काही तिच्या डोक्यात शिरला नाही. तिनं पुन्हा टेप लावली, या वेळी सैल.

"गाडीच्या दारात हात सापडला पोरीचा," पलंगावर बसलेल्या कौशल्याबाई कुणी न विचारताच म्हणाल्या. "बाही लांब घेजा मॅडम. पार मनगटापर्यंत. अन् गळा बी बंदच ठेवजा. आमच्यात उघडंवाघडं चालत नाई."

समोरच्या भिंतीवर साखरपुड्याचा फोटो होता. त्यात अपेक्षाच्या बाह्या जेमतेम खांद्याखाली उतरल्या होत्या.

"बरं," प्रियदर्शनी म्हणाली.

एरवी ती मापं घ्यायला कुणाच्या घरी जात नसे. अमरावतीतल्या तिच्या बुटीकमध्ये नवऱ्या आयांना घेऊन येत आणि मुकाट्यानं नंबर लावून बसत. पण हे अकोल्याचं घर सोडण्यासारखं नव्हतं. अपेक्षाचे वडील रामराव जिनिंगवाले, आणि नवरदेवाकडचे त्यांच्याहून तालेवार. शिवाय महिनाअखेरीस नागपूरच्या मोठ्या ब्रायडल शोची निवड व्हायची होती आणि शोवाल्यांना मॉडेल नको होती. खऱ्या लग्नातली खरी नवरी हवी होती, फोटोंसकट.

चांदूर रेल्वेच्या शिवणक्लासपासून इथवर प्रियदर्शनी काही कुणाच्या मेहेरबानीनं आली नव्हती. 'मले'चं 'मला' करतानाच तिची जीभ किती वर्षं झिजली असेल! आणि तिची एक गोष्ट सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होती. दिलेली तारीख तिनं कधी चुकवली नव्हती. शिवणाऱ्याची तारीख म्हणजे काय असते, हे काय कुणाला सांगायला हवं? 'काजंबटणं राहिलीत, उद्या या' एवढ्यावर दुकानंच्या दुकानं पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिच्या समोरचे शेषराव टेलर तर असे, की लग्नाचा कोट त्यांनी बारशाला दिला, असं लोक हसून सांगत. प्रियदर्शनीकडे 'उद्या या' नव्हतंच. तिची आई, मनकर्णा, दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हाही हिनं एका नवरीचा ब्लाउज वेळेवर पोचवला होता. आई तेवढ्यात गेली. कॉलेजांमधल्या भाषणांत ती हे सांगायची, आणि पोरी टाळ्या वाजवायच्या.

"तारखेचंच तुमाले इचारायचं होतं," कौशल्याबाई म्हणाल्या. "भटजीनं दोन मुहूर्त काढून देले. एक येत्या बारा तारखेचा अन् एक पुढच्या महिन्यातला. पत्रिका तुमच्यापायी अटकून राहिल्या बाप्पा! इहीणबाई म्हणते, लग्न मांगंपुढं झालं तं चालते, पण घागरा प्रियदर्शनी मॅडमच्याच हातचा पायजे. आता तुमी म्हणसान तो मुहूर्त."

"हिशोब करून सांगते."

तेवढ्यात दाराशी कुणीतरी हाक मारली म्हणून कौशल्याबाई बाहेर गेल्या. त्यांची पावलं ओसरीपर्यंत पोचेतो अपेक्षा हललीसुद्धा नाही. मग एकदम जवळ सरकून ती म्हणाली,

"मॅडम, होत नाई म्हणा."

"काय?"

"बारा तारखेले होत नाई म्हणून सांगा. मंग दुसराच मुहूर्त धरा लागंल. माहे भगवंतमामा मिलिटरीत हायेत. वीस तारखेले सुट्टीवर येऊन राहिले. बाबा फक्त त्याइचंच ऐकतात. मी मामाले हात दाखवीन."

"अगं, मग त्यांना फोन कर ना."

"फोन आईजवळ राह्यते." तिनं बाही खाली ओढली. "नवरदेवाच्या दोस्ताच्या वरातीत मी नाचली नाई, तं हे केलं त्यानं. बाबाले सांगतलं. बाबा म्हणे, शब्द देला आपण."

प्रियदर्शनी टेप बोटाला गुंडाळत राहिली.

"शिवणारे सगळेच उशीर करतात मॅडम," अपेक्षा म्हणाली. "कोणाले काई वाटत नाई त्याचं."

धाकटी पौर्णिमा चहाचा ट्रे घेऊन आत आली. बारावीच्या क्लासची बॅग अजून तिच्या पाठीवरच होती. तिच्या मागोमाग कौशल्याबाईही आल्या.

"मंग मॅडम? कोणता धरू?"

अपेक्षा खाली बघत नव्हती. सरळ प्रियदर्शनीच्या तोंडाकडे बघत होती. प्रियदर्शनीला तिची दया आली, नाही असं नाही. पण त्याच वेळी नागपूरही आठवलं, तिथला तो झगझगीत रॅम्प, महिनाअखेर. आणि प्रियदर्शनीनं तारीख चुकवली, असं उद्या कुणी म्हणेल, तेही आठवलं.

"बारा धरा," ती म्हणाली. "माझ्याकडून तारीख चुकत नाही."

चहा तिनं उभ्या उभ्याच घेतला.

परतीच्या वाटेवर तिनं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपण कोण पडणार? आईबाप जिवंत आहेत पोरीचे. आणि असं एकदा बोलायला लागलं, की कोण आपल्याकडे लेकी आणेल? माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. तिची मूर्तिजापूर यायच्या आतच घालून झाली होती.

त्या बाहीवर मात्र तिनं जीव ओतला. खांद्यापासून कोपरापर्यंत जरदोसी इतकी दाट भरली, की सुई शिरायला जागा राहिली नाही. कोपराखाली ती विरळ करत नेली आणि मनगटाशी नुसता एक वेल सोडला. गळ्याला उंच पट्टी दिली. बारा तारखेला अपेक्षा बोहल्यावर उभी राहिली, तेव्हा बायका नवरदेवाला सोडून तिच्या बाह्याच बघत होत्या. फोटो नागपूरला गेले, निवड झाली, पुढं पुण्याहून बोलावणं आलं. 'मॅडम, ती अकोल्याच्या नवरीसारखी बाही' म्हणता म्हणता नावच पडलं, अकोला बाही. त्या वर्षी निम्म्या वऱ्हाडातल्या नवऱ्या दंड झाकून बोहल्यावर चढल्या. अपेक्षाचा फोटो प्रियदर्शनीनं माणसाएवढा करून दुकानात लावला.

दुसऱ्या वर्षी पोळा झाल्यावर एका कॉलेजात तिचं भाषण होतं. एका मुलीनं उठून विचारलं, "यशस्वी फॅशन डिझायनर व्हायला काय लागतं, मॅडम?"

"कापणं-शिवणं कुणीही शिकतं," प्रियदर्शनी म्हणाली. "दिलेली तारीख पाळायची. काहीही होवो." मग आईचं सांगितलं. टाळ्या पडल्या.

ती दुकानात परतली, तर कौशल्याबाई येऊन बसल्या होत्या, भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून. शेजारी पौर्णिमा होती आणि टेबलावर एक गाठोडं. कौशल्याबाईंनी गाठ सोडली. तोच घागरा होता, तीच चोळी.

"लहानीले बसवून द्या. कंबर बारीक हाये तिची."

"आणि अपेक्षा?"

"गेली. पोळ्याच्या आंधी. गच्चीवर कपडे वाळू घालाले गेल्ती, पाय सरकला." गाडीच्या दाराचं सांगितलं होतं त्याच आवाजात कौशल्याबाईंनी हेही सांगितलं. फक्त या वेळी सांगून झाल्यावर त्यांनी पदर तोंडाशी घेतला आणि तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. "लेकरू आठ महिन्याचं हाये. त्याले मावशीवानी कोण पाहीन? हिच्या बाबानं जावयाले शब्द देला. घर तं पाह्यलेलंच हाये."

प्रियदर्शनीनं टेप उचलली, कारण हाताला दुसरं काही सुचेना. पौर्णिमानं न सांगता हात वर केला, पुरता. दंड कोवळा होता, त्यावर काही नव्हतं.

"भगवंतमामा?" प्रियदर्शनीनं हळूच विचारलं.

"मामा आता येत नाईत आमच्या घरी," पौर्णिमा म्हणाली. ती फोटोकडे बघत होती.

"लग्न कधी आहे?"

"शुक्रवारी. घरच्या घरीच," कौशल्याबाई म्हणाल्या.

प्रियदर्शनीनं टेप खाली ठेवली. "होणार नाही."

"काय म्हणता?"

"माह्याच्यानं होत नाई." इतकी वर्षं घासूनपुसून काढलेली बोली तिच्या तोंडातून आपसूक बाहेर पडली. "महिना लागंल. दोन बी लागतील. कपडा इथं ठेवून जा. लग्न पुढं घ्या, कवशल्याबाई. हात जोडते तुमाले."

"कंबरच तं कमी करायची हाये."

"नाई होत म्हटलं ना!"

कौशल्याबाईंना कळलं असावं. मग त्यांनी चोळी घडी करून घागऱ्यावर ठेवली आणि गाठोडं बांधलं.

"तवाची गोष्ट अलग होती मॅडम," त्या म्हणाल्या. "तवा इहीणबाई तुमच्यासाठी थांबाले तयार होती. आता अकोला बाही तं कोणीबी शिवते. चाल व पौर्णिमा."

दोघी रस्ता ओलांडून समोर गेल्या. शेषरावांच्या पाटीखाली नवी पाटी होती, 'येथे अकोला बाही शिवून मिळेल'. प्रियदर्शनी दारात येऊन उभी राहिली. शेषराव! तिच्या जिवात जीव आला. या माणसानं जन्मात एक कपडा वेळेवर दिला नव्हता. शुक्रवार काय, दिवाळी गेली तरी घागरा त्यांच्या खुंटीवरच लटकत राहील.

शेषरावांनी चोळी उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली आणि गळ्यातली टेप काढली.

"शुक्रवार?" ते मोठ्यानं म्हणाले. "परवाच घिऊन जा ना ताई. मॅडमच्यापायी आता या गल्लीत कोणीच तारीख चुकवत नाई."