एकोणऐंशी आणि एकतीस

लिसम्माने तीच नळी तिसऱ्यांदा यंत्रात ठेवली आणि झाकण लावलं. गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजून यंत्र रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचा आकडा सांगायचं. तिसऱ्यांदाही तोच आला. एकोणऐंशी टक्के. ऑपरेशनला भरपूर.

नळीवर नाव होतं : अखिल, वय सव्वीस, पुत्तनपुरा घर.

सकाळी ते घराचं नाव तिने दोनदा वाचलं होतं. दोन वर्षांपूर्वी अखिलचा थोरला भाऊ बिनेश याच हॉस्पिटलात हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. दोघांनाही हिमोफिलिया, जन्मापासूनचा. आठवडाभर टिकणारं नवं इंजेक्शन दिल्यावर बिनेशचं रक्त लिसम्मानेच तपासलं. चौऱ्याऐंशी आले. सहीही तिचीच. आकडा चांगला म्हणून पुढचं इंजेक्शन लांबवलं, आणि तिसऱ्या दिवशी आतल्या आत रक्तस्राव होऊन बिनेश गेला.

त्यानंतर वर्षाने चेन्नईत एक प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाई जाता जाता बोलून गेल्या, की या नव्या औषधावर काही रसायनं आकडा फुगवून दाखवतात. त्यांनी पडद्यावर यादी दाखवली. लिसम्माच्या लॅबमधलं रसायन तीत दुसऱ्या क्रमांकावर होतं.

तेव्हापासून चौऱ्याऐंशी तिची पाठ सोडत नव्हता. बसच्या पाटीवर दिसायचा, रेशनच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने पुकारायचं. चर्चमध्ये गुडघे टेकले की प्रार्थनेआधी तोच ओठांवर यायचा. तिने कुणाला काही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या पद्धतीची रसायनं मागवा म्हणून आठ महिने अर्ज करत राहिली. त्या पद्धतीत गुठळी नाही, रंग किती गडद होतो ते पाहतात.

ती रसायनं गेल्याच आठवड्यात आली होती. तिने अखिलचं रक्त त्यांच्यावर लावलं. रंग फिका आला. एकतीस.

दोन्ही कागद घेऊन ती डॉक्टर हरिगोविंदनकडे गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. हॉस्पिटलात सगळे तिला चेची, म्हणजे ताई, म्हणत.

"हे काय, चेची? एकाच माणसाचे दोन आकडे?"

"खरा एकतीसचा. उद्या चाकू लावलात तर हा पण जाईल."

'पण' हा शब्द टेबलावर पडून राहिला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ऑपरेशन पुढे ढकलू. डोस वाढवू," ते म्हणाले. "तुम्ही एकतीस लिहा. जुनं कशाला उकरायचं? बिनेशचं रक्त आता कुठे आहे तपासायला?"

"रक्त नाही. पण औषध तेच होतं, रसायनही तेच."

"तुमची सही आहे त्यावर, चेची."

"माहीत आहे, सर."

थोड्या वेळाने लॅबच्या दाराशी अखिलची आई तंकमणी येऊन उभी राहिली. ऑपरेशन पुढे ढकलल्याची बातमी वॉर्डात तिच्या कानावर आली होती.

"काय झालं हो सिस्टर? माझ्या पोराचं काही वाईट निघालं का?"

"नाही. वेळेवर कळलं. आत या, बसा."

तंकमणी बसली नाही. लिसम्माने दोन्ही कागद तिच्यापुढे धरले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एकोणऐंशी म्हणजे काय, एकतीस म्हणजे काय. मग बिनेशचा चौऱ्याऐंशी. सांगताना तिने एकदाही 'यंत्र चुकलं' असं म्हटलं नाही. मी तपासलं, मी सही केली, असंच म्हणत गेली. आता ही ओरडेल, थोबाडीत मारेल, असं तिला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

तंकमणी कागदाकडे बघत होती.

"म्हणजे त्याचं रक्त आधीपासूनच कमी होतं?"

"बहुधा तिसरा हिस्साच असेल. गुठळी धरलीच नसणार."

"तो चालला नसता, तरी?"

लिसम्माला कळलं नाही.

"वॉर्डातल्या सिस्टर त्याला उठवू नका म्हणाल्या होत्या," तंकमणी हळू बोलू लागली. "पण पलंगावर भांडं द्यायची त्याला लाज वाटायची. पोर रडकुंडीला आलं. मग मी खांद्याला धरून नेलं त्याला बाथरूमपर्यंत. आठ पावलं होती. संध्याकाळी पोट फुगलं."

तिने लिसम्माकडे पाहिलं.

"तरी गेला असता का?"

"ती आठ पावलं नव्हती, चेची," लिसम्मा म्हणाली. "कारण माझा आकडा होता."

तंकमणीने साडीचा पदर तोंडाशी नेला. रडू आलं नाही. नुसता श्वास सुटला, खूप दिवस कोंडलेला. मग तिने लिसम्माचं मनगट धरलं. पकड घट्ट होती, मायेची की रागाची ते कळत नव्हतं.

"याचे वडील खाली उभे आहेत, औषधाच्या खिडकीपाशी. मीच त्याला चालवलं म्हणून दोन वर्षं माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या हातचं जेवतसुद्धा नाहीत. मी सांगितलं तर खरं वाटायचं नाही त्यांना." तिने पकड सोडली नाही. "तुम्ही येऊन सांगाल?"

वरून जिन्यातून खिडकीपाशी उभा असलेला माणूस दिसत होता. कमरेला पांढरं मुंडू, रुंद खांदे. लिसम्माने कागदांची घडी घातली आणि पहिली पायरी उतरली.