देवीला पाठ

विनीतने परस्पर शब्द देऊन टाकला होता. आईला सांगितलं ते शब्द देऊन झाल्यावर, तेही चहा पिता पिता, जसं काही शेजारच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरलंय.

"आई, थोरलीचं जमलं एकदाचं. रविवारी न्यायला येतील."

थोरली म्हणजे मुलगी नव्हे हो. थोरली म्हणजे ट्रक. शक्तिमान. विनीतच्या वडिलांनी, महिपतरावांनी, मिलिटरीच्या लिलावातून आणलेली, चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी गाडी. ती मोहने गावातल्या घराच्या अंगणात आधी आली आणि विनीत नंतर, म्हणून ती थोरली आणि हा धाकटा. महिपतराव गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गाडी भंगारात जाणार. पण दिवसकार्य उरकलं आणि विमलाबाईंनी किल्ली कमरेला खोचली. गाडी चालवायला महिपतरावांनीच शिकवलं होतं, आणि पासिंगपासून विम्यापर्यंत सगळे कागद त्या स्वतः रांगेत उभं राहून करून आणत. वीटभट्टीवर, खाणीत, नदीकाठच्या चिखलात, जिथे बाकीच्या गाड्या हात टेकत तिथे विमलाबाईंना बोलावणं येई.

"कोण नेणार?" त्यांनी विचारलं.

"सिद्धेश, माझा मित्र. शिळफाट्याच्या रस्त्यावर हॉटेल काढतोय. गेटवर मस्त चौथरा बांधलाय. गाडीला लाल रंग मारणार, इंजिन काढून टाकणार, मागे हौद्यात माती भरून शेवंती लावणार. लोक सेल्फी काढतील, आई! भंगारात जाण्यापेक्षा बरं ना?"

"इंजिन काढून?"

"चौथऱ्यावर इंजिन कशाला लागतंय? आणि तू पण आता माझ्याकडे ठाकुर्लीला ये. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, देवळात भजनी मंडळ आहे. बसून खा. खूप केलंस."

विमलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांचा राग म्हणजे आदळआपट नव्हे, आवाज उलटा खाली जायचा. "अस्सं," त्या म्हणाल्या. "म्हणजे एक चौथरा तिला आणि एक मला. माझ्यात माती कधी भरणार, तेही ठरलंय का?"

"आई, तू पण ना! काहीही काय बोलतेस?"

"तुझ्या मित्राला सांग, रविवारी थोरली गावदेवीच्या टेकडीवर असेल. हवी तर तिथे येऊन बघ म्हणावं."

हे त्यांनी मुद्दाम केलं. टेकडीवरच्या देवळाला दगडी दीपमाळ बसवायची होती आणि तिचे दगड महिनाभर पायथ्याशी पडून होते. भाड्याचा टेम्पो पहिल्याच वळणावर रुतला. क्रेनवाला तर खालूनच चढण बघून चहा पिऊन गेला. शेवटी देवळाचा गुरव आनंद अंगणात येऊन उभा राहिला होता. "काकी, थोरली येईल का?" म्हणाला. विमलाबाईंनी त्याला रविवारचा वार दिला.

रविवारी अर्धं गाव पायथ्याशी, दगड थोरलीच्या हौद्यात. सिद्धेश नव्याकोऱ्या गाडीतून आला आणि चिखल बघून ती डांबरावरच ठेवून चालत आला. विनीत आईच्या शेजारी केबिनमध्ये चढला, भीतीपोटी. "आई, उलटली तर?"

"उलटली तर तुझं कामच सोपं होईल. धर घट्ट."

चढ लागायच्या आधीच त्यांनी पुढच्या चाकांनाही ताकद देणारा दांडा ओढला. रुतल्यावर ओढणारे मग तिथेच बसतात. थोरली गुरगुरत निघाली. खालची लाल माती तिने खाऊन टाकली, वळण घेतलं, आणि शेवटच्या खड्या चढणीवर मात्र तिचं नाक हलकं झालं. स्टीअरिंग हातात पोकळ लागायला लागलं. पुढची चाकं नुसतीच माती उकरत राहिली, इंजिनाने आचका दिला आणि गाडी बंद पडली. ब्रेक दाबत, इंच इंच करत विमलाबाईंनी ती मागे पायथ्याशी आणली. विनीतचा चेहरा पांढराफटक.

"राहू द्या ना मावशी," सिद्धेश अगदी मायेने म्हणाला. हाच मायेचा सूर त्यांना सगळ्यात जास्त झोंबला. "वय झालं गाडीचं. आता आराम करू द्या तिला."

विमलाबाई खाली उतरल्या आणि दगडांनी भरलेल्या हौद्याकडे बघत राहिल्या. गाडीचं काही चुकलं नव्हतं. चूक त्यांची होती, आणि ती माहीत असून केलेली. भरपूर ओझं मागे असलं आणि चढण खडी असली की महिपतराव गाडी उलटी चढवत. ओझं वरच्या अंगाला राहतं, चारही चाकं जमीन धरतात, आणि रिव्हर्सची ताकद तर सगळ्यात जास्त. पण गावदेवीला पाठ दाखवायची नाही, ही इथली रीत. दर्शन घेऊन म्हातारीकोतारीसुद्धा उलट्या पावली पायऱ्या उतरतात. त्या भक्तीपायी विमलाबाईंनी थोरलीचं तोंड देवीकडे केलं होतं.

त्यांनी गाडी वळवली. हौदा टेकडीकडे, तोंड गावाकडे.

"अगं बाई!" सखुबाईंनी गालावर हात मारून घेतला. पोथी वाचणारी बाई ती, तिच्या शब्दाला गावात वजन. "विमल, देवीला पाठ करतेस?"

आनंद गुरवाचंही तोंड उतरलं. "काकी, आजवर कुणी केलं नाही असं."

"का रे, माणूस देवाला हातातलं देतं ना? ट्रकचं देणं पाठीवर असतं. पाठ नाही केली तर देवीला देऊ काय, हेडलाईट?"

पोरं फिदीफिदी हसली. सखुबाई नाही हसल्या.

"पाप लागलं तर माझ्या एकटीच्या माथी," विमलाबाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी फक्त वाटेतून बाजूला व्हा."

त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि मागे बघत थोरली सोडली. विनीत दुसऱ्या अंगाला पायरीवर उभा राहून ओरडत होता, "डावीकडे आई, अजून, अजून! बस! सरळ!" आवाजात भीती होतीच, पण आता त्यात हट्टही आला होता. त्या खड्या चढणीवर थोरली थरथरली. चाकांनी कातळ धरला, सोडला, पुन्हा धरला. आणि मग एकही आचका न देता ती वर गेली, थेट देवळाच्या पटांगणात. विमलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते आणि लाजही वाटली नाही. मागोमाग पळत आलेल्या आनंद गुरवाने न सांगता घंटा वाजवली.

सिद्धेश धापा टाकत वर पोचला, हातात मोबाईल. "मावशी, काय व्हिडिओ आलाय! आता तर हीच पाहिजे मला. गेटवर मोठा स्क्रीन लावतो आणि खाली ही गाडी. पब्लिक येडी होईल!"

विमलाबाईंच्या ध्यानात आलं. म्हणजे चांगलं काम करून दाखवलं, तर चौथरा आणखी उंच होणार. सिद्धेश विनीतकडे वळला. "आणि तू शब्द दिलायस, हां."



"शब्द त्याने दिला ना?" विमलाबाई म्हणाल्या. "मग त्यालाच न्या. चौथऱ्यावर उभा करा, लाल रंग द्या, डोक्यावर शेवंती लावा. चांगला दिसेल, बापाच्या वळणावर गेलाय."

आता मात्र चालत वर आलेल्या सखुबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. विनीत लाल झाला, मग तोही हसला.

"सिद्धेश, सॉरी यार," तो म्हणाला. "गाडी आईची आहे. मी तिला विचारलंच नव्हतं, नुसतं सांगितलं." मग तो आईकडे वळला. "ठाकुर्लीचं पण तसंच केलं मी."

"मग आता विचार."

"आई, येतेस का ठाकुर्लीला राहायला?"

"नाही," विमलाबाई म्हणाल्या, आणि दगड उतरवायला माणसांना हाका मारू लागल्या.