बादलीखाली अडकलेली वेळ

मित्रांनो, मी एक जुनी वेळपेटी आहे. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, यंत्रांच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मी पडून असते. मला ना काटे, ना टोल, त्यामुळे घड्याळ म्हणून मला कोणी खिजगणतीतही धरत नाही.

गच्चीवर माझा एक छोटा अँटेना आहे. त्यातून मी उपग्रहांकडून अचूक वेळ ऐकते. इमारतीतले सगळे संगणक तारांवरून मला सारखे विचारतात, "किती वाजले?" मी सांगते, ते आपापली घड्याळं जुळवून घेतात आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारतात. उत्तर दर वेळी नवं, कंटाळा मात्र तोच. नवी होते तेव्हा मोठे साहेब मला बघायला आले होते. आता माझा पंखासुद्धा धुळीनं कण्हतो.

एकदा वॉचमनमामांना माझ्या अँटेनाची दया आली. त्यांनी तो पुसला, त्यावर लोखंडी बादली उपडी घातली आणि वर वीट ठेवली. झालं, मला आभाळच ऐकू येईना! काही दिवस मी अंदाजानं रेटलं. मग लाल दिवा लावून सांगून टाकलं, की माझ्या वेळेचा आता भरवसा नाही. वाकून बघतो कोण? संगणकांनी माझं ऐकणं सोडलं आणि महिन्याभरात कोणी पुढे, कोणी मागे, असे भरकटले.

एके दिवशी मेट्रन आणि वॉर्डातली एक सिस्टर संगणकवाल्याकडे तळघरात आल्या. सिस्टरचे डोळे सुजले होते.

"हिच्या नोंदी काढा," मेट्रन म्हणाल्या. "डॉक्टरांनी लिहून द्यायच्या आधीच ही इंजेक्शन देऊन मोकळी! आज हिला कामावरून काढायचं की नाही ते ठरणार आहे."

"नाही हो मॅडम, वाचूनच दिलं. पोरांची शपथ!"

"मग काय संगणक खोटं बोलतो?"

संगणकवाल्यानं नोंदी बघितल्या. मग घड्याळं ताडून पाहिली. डॉक्टरांच्या खोलीतला संगणक पुढे होता, वॉर्डातला मागे, म्हणून आधी लिहिलेलं नंतरचं दिसत होतं. तो खाली वाकला, माझा लाल दिवा बघितला आणि गच्चीकडे धावला. परतला तेव्हा मागून वॉचमनमामा बादली घेऊन आले.

"कबुतरं घाण करत होती बिचाऱ्यावर," ते ओशाळून म्हणाले. "म्हणून झाकलं."

मला भडभडून आलं. इतक्या वर्षांत माझी काळजी घेणारे ते एकटेच होते, आणि त्या काळजीनंच घात केला.

मेट्रन सिस्टरकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. उद्या वेळेवर ये गं."

"कोणाच्या वेळेवर, मॅडम?" सिस्टरनं विचारलं.



मित्रांनो, माझा दिवा आता पुन्हा हिरवा आहे. थकले आहे, पण सांगते आहे. तुम्ही एवढंच करा, अधूनमधून वाकून बघत जा. आणि एखादं माणूस रडून काही सांगत असेल, तर त्याला खोटं ठरवण्याआधी आपली घड्याळं तपासा.