दुसरं कडवं

कॅसेटच्या पोटातला तो इवलासा स्पंज... तपकिरी पडलाय, पण गळालेला नाही. शिवमूर्तींनी चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं. केरबा गेल्यावर त्याच्या ट्रंकेत सापडली म्हणून सिंधूने, त्याच्या मुलीने, ती नांदेडहून पाठवली होती. सकाळी तिचा फोन—

"काका, बाबांचं गाणं आता बाहेर काढायलोत. त्याच्यामागची हकीकत चार ओळीत लिहून द्या की. दुसरं कडवं कुठं गेलं ते."

"तुझे बाबा काय सांगायचे?"

"टँकर आला म्हणायचे, अन् हसायचे. ते ओरडलंय कोण हो?"

"गल्लीतलं... असेल कुणीतरी."

चार ओळी! जन्मभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं जपलेल्या माणसाला एवढंही जमू नये? तीन कागद फाडून झाले. लिहिलं होतं— लातूर जिल्हा नवा झाला होता आणि नळ कोरडे होते. आमच्या रॉक बँडचा ड्रम म्हणजे घरमालकीण नागम्माचं पाण्याचं रिकामं पिंप, व्यंकटी ते बडवायचा. जयंतीच्या मिरवणुकीतल्या गायनपार्टीत वाढलेल्या केरबाने हैदराबादेहून जुनी गिटार आणली होती... सगळं खरं. आणि पुढचं? त्या दिवशी गाणं टेपवर भरत होतो. पहिलं कडवं केरबाचं, दुसरं माझं— मीच लिहिलेलं, मीच गायचं. ते जवळ येत गेलं तसे माझेच शब्द एकदम पोरकट वाटले, आणि खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे पाहत मी ओरडलो, "टँकर आला!"

मग काय... व्यंकटीने पिंप उचललं, नागम्मा घागरी घेऊन धावली, अख्खी गल्ली तासभर उन्हात. "कोन मुडद्यानं बोंब मारली रं?" नागम्मा विचारत होती, आणि मी हातात कळशी घेऊन रांगेत सगळ्यांच्या पुढे! दुसऱ्या दिवशी केरबा नोकरीवर नांदेडला गेला. पुन्हा बसू, म्हणाला होता. बसणं झालंच नाही.

त्यांनी टेपचं बटण दाबलं. पिंपाचा धडधडाट, केरबाचा तरणा आवाज, आणि मग ती कोवळी, घाबरलेली आरोळी. घागरींचा खणखणाट, लांब जाणारी पावलं... संपलं. हात बटणाकडे गेला— पण गिटार वाजतच होती. रिकाम्या खोलीत, त्याच चालीत, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी येऊन मागे फिरत होती. पुन्हा आली. पुन्हा.

केरबा उठलाच नव्हता.

शिवमूर्तींनी चौथा कागद पुढे ओढला, पेन तसंच हातात राहिलं. पहिला शब्द आठवत होता, लख्ख आठवत होता— ओठ हलले... आणि गिटार पुन्हा त्या जागेकडे यायला लागली.